घाट चढते; उतरताना काय?

परतवाड्यात गॅरेजसमोर विजेची स्कूटर उभी दिसली, की येणारं गिऱ्हाईक हमखास विचारतं, "चिखलदऱ्याचा घाट चढन का जी हे?" आपल्या मेस्त्री मंडळींतले बरेच जण नकारार्थी मान हलवून मोकळे होतात. गाडी शोरूमवाला विकत असला, तरी ती घ्यायची की नाही हे अचलपूर-परतवाड्यात अजून मेस्त्रीच ठरवतो. म्हणून आधी हिशेब मांडू.

परतवाडा ते चिखलदरा तीसेक किलोमीटर, चढ साधारण सातशे मीटर. गाडी आणि दोन माणसं मिळून अडीचशे किलो धरा. एवढं वजन वर न्यायला जवळपास अर्धं युनिट लागतं. मोटर-कंट्रोलरमधली घट धरून 0.6. सपाटीवर ही गाडी युनिटमागे तीस किलोमीटर जाते, म्हणजे अंतराचं आणखी एक. एकूण 1.6. बॅटरी तीन युनिटांची असेल, तर गाडी वर जाऊन खालीही येते. खरी गोम उतारावर आहे. रात्री चिखलदऱ्यात शंभर टक्के चार्ज करून सकाळी कोणी खाली निघाला, तर भरलेली बॅटरी उताराची वीज परत घेत नाही. रिजनरेशन बंद आणि गिअरात धरून ठेवणारं इंजिनही नाही, त्यामुळे सगळा भार ब्रेकवर. वर असताना ऐंशी टक्क्यांवरच प्लग काढ, हे गिऱ्हाइकाला आपणच सांगायचं.

पण घाट महिन्यातून एखादा. पेट्रोल जळतं ते रोजच्या खेपांत. दूध घालणारा, बाजार समितीत जाणारा, अचलपूर-परतवाडा चारदा ये-जा करणारा. (शकुंतला रेल्वे बंद पडल्यापासून मूर्तिजापूरकडे जाणारेही रस्त्यावरच आले.) दिवसाला चाळीस किलोमीटर, पंचेचाळीसचं ॲव्हरेज, वर्षाचे तीनशे दिवस धरले, तर एका गाडीचं पेट्रोल 265 लिटरच्या पुढे जातं. तेवढ्याच खेपांना वीज लागते दिवसाला दीड युनिट, चार्जरची घट धरून. लिटरभर पेट्रोलमध्ये नऊ युनिटांइतकी ऊर्जा असते; तिच्यातली बरीचशी सायलेन्सर आणि फिन्स तापवण्यात जाते, हे ज्याने गरम सायलेन्सरला पोटरी लावून घेतली आहे त्याला वेगळं सांगायला नको.

सरकारी धोरणं आली आणि बदललीही. 2021 चं राज्याचं, मग 2025 चं. अनुदान कमी-जास्त होत राहील. वऱ्हाडातलं ऊन मात्र कमी होत नाही. लिथियम सेलला साधारणपणे 45 अंशांच्या वर चार्ज करू नये. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा तिथवर जातो, टिनाच्या शेडखाली तर बोलायलाच नको. दुपारी दमून आलेली गाडी लगेच चार्जिंगला लावू नका. आधी थंड होऊ द्या, शक्यतो रात्री लावा.

गेल्या मे महिन्यात माझ्याकडे एक गाडी आली. तक्रार, "चार्जर खराब." चार्जर ठणठणीत होता. प्लग टॉप मात्र तपकिरी पडलेला, पितळेची एक पिन निळसर झालेली. घरी जाऊन पाहिलं, तर सॉकेटला पंख्याची बारीक वायर आणि अर्थिंगचा पत्ता नाही. विकणाऱ्याने गाडी दिली, हार घातला, पण घरातली वायर पाहिली नाही. असं काम आता आपलं आहे, आणि त्याचे पैसे घ्यायला लाजू नका. ऑइल बदल, कार्बोरेटर, क्लच प्लेट यांची कमाई घटणार हे खरं. कोन सेट, ब्रेक शू, टायर, बेअरिंग कुठे जात नाहीत. त्यात वायरिंग, कंट्रोलर, हॉल सेन्सरची भर पडते.

एका गोष्टीवर मी अडून आहे. 250 वॅटपर्यंतच्या, ताशी 25 किलोमीटरच्या आतल्या गाडीला नोंदणी लागत नाही. मग पोरं येतात, "काका, स्पीडची वायर कापून द्या." कापू नका. ब्रेक, चाक, फ्रेम त्या वेगाची नसते, आणि कापल्यावर ती गाडी कायद्याने बिननोंदणीची मोटारसायकल होते. बॅटरी पॅकही उघडू नका. एक पाना घसरून दोन टोकांना लागला, तर पान्याचीच वेल्डिंग रॉड होते.

या गाड्यांच्या कामासाठी क्लॅम्प मीटर घेताना डीसी करंट मोजणारा घ्या. स्वस्तातले बहुतेक फक्त एसीचा दाखवतात. आपल्यातल्या एकाने तसाच आणला आणि मला फोन केला, "भाऊ, गाडी तं चालून राहिली, पण मीटर शून्यावरच हाय."