तबकडी म्हणते एक, पुस्तक म्हणतं दुसरंच!

दोस्तांनो, या वेळच्या पत्रांच्या गठ्ठ्यात सातवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आहे. तिच्या मामाने घर बदललं आणि जाताना एक भलंमोठं खोकं तिच्या हवाली केलं. त्यात निम्मी पुस्तकं आणि निम्म्या कार्टूनच्या डीव्हीडी. पुस्तकंही गोष्टींची नाहीत बरं का, सगळी माहितीची. पक्षी, समुद्र, मधमाश्या, थोरामोठ्यांची चरित्रं अशी. आजोबा म्हणतात, "पुस्तकं ठेव आणि त्या तबकड्या भंगारवाल्याला दे." धाकटा भाऊ म्हणतो, "नेमकं उलटं कर." आणि ती विचारते, "तुम्हीच सांगा, कोण बरोबर?"

माझं उत्तर दोघांनाही आवडायचं नाही. दोन्ही ठेव! पण पुस्तकं एका कपाटात आणि तबकड्या दुसऱ्या, असं मात्र करू नकोस. जोड्या लाव. एका तबकडीशेजारी एक पुस्तक, आणि तेही असं निवडायचं की दोघांचं जमायला नको. मग बघ काय गंमत येते ती.

हां, त्याआधी एक कामाची गोष्ट. डीव्हीडीचा प्लेअर आता फारच थोड्या घरांत उरलाय, पण आत्याच्या माळ्यावर, शेजारच्या काकांच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये तो हमखास सापडतो. तबकडी पुसायची तर मऊ सुती फडक्याने, मधल्या भोकापासून कडेकडे सरळ. पोळीला तूप लावल्यासारखी गोल गोल नाही. गोल पुसताना पडलेला ओरखडा माहितीच्या ओळीबरोबरच धावतो आणि प्लेअरला तो तुकडा वाचताच येत नाही. आडवा ओरखडा मात्र तो बहुतेक वेळा निभावून नेतो. झालं, आता मुद्द्याचं.

पहिली तबकडी तुमच्यातल्या निम्म्यांनी तरी पाहिलेली असणार. 'द लायन किंग', १९९४ सालचा. सिंह राजा, त्याचा गोंडस छावा, दुष्ट काका आणि त्या काकाच्या दिमतीला असलेले तरस. हे तरस कसे? लाळघोटे, उपाशी, बावळट, उगाच खिदळणारे आणि दुसऱ्याच्या ताटातलं पळवणारे. सिनेमा सुंदरच आहे, मी तीनदा पाहिलाय. पण आता त्याच्याशेजारी हान्स क्रूक यांचं 'द स्पॉटेड हायना' ठेवू. हे १९७२ साली आलं. पुस्तक जाडजूड, इंग्रजी आणि मोठ्यांसाठी लिहिलेलं आहे, तेव्हा ते आख्खं वाचा असं काही मी म्हणणार नाही. त्यातली गोष्टच सांगतो.

टांझानियात सेरेंगेटीचं गवताळ मैदान आहे आणि त्याच्या बाजूला न्गोरोंगोरो नावाचं प्रचंड मोठं, ज्वालामुखीने घडवलेलं खोलगट कुरण. तिथे सकाळी सकाळी प्रवासी यायचे आणि त्यांना रोज एकच देखावा दिसायचा. मेलेल्या जनावरावर सिंह ताव मारतोय आणि भोवती तरस ताटकळत उभे. मग काय, सगळे म्हणायचे, शिकार केली सिंहाने आणि हे आयतोबा उष्ट्यासाठी थांबलेत! अनेक वर्षं पुस्तकांतही तसंच छापलं जात होतं. क्रूकसाहेबांनी फक्त एवढंच केलं, की ते सकाळी न जाता रात्री गेले. चांदण्यात गाडी घेऊन तरसांच्या मागे मागे. आणि दिसलं काय? तरस टोळीने धावत जातात, स्वतः शिकार करतात, खायला बसतात. तो गलका ऐकून सिंह येतो, त्यांना हुसकावतो आणि बसतो पाटावर! सकाळी प्रवासी येतात तेव्हा ज्याची शिकार तोच बाहेर उभा असतो. न्गोरोंगोरोतले तरस जे खायचे त्यातलं बहुतेक त्यांनी स्वतःच मारलेलं असायचं. म्हणजे चोर कोण आणि साव कोण, ते तुम्हीच ठरवा.

आणि ते खिदळणं? ते हसू नव्हेच. खाण्यावरून ओढाताण झाली, दुसऱ्याने अंगावर येऊन दटावलं, की घाबरल्या-गोंधळल्या तरसाच्या तोंडून तो आवाज निघतो. आपण आपलं म्हणायचं, बघा कसा हसतोय!

एका बाबतीत मात्र सिनेमा बरोबर निघाला. त्यातल्या तरसांची म्होरकी शेंझी ही मादी आहे. खऱ्या ठिपकेवाल्या तरसांच्या टोळीतही माद्यांचंच राज्य असतं. त्या नरांपेक्षा मोठ्या असतात आणि बाहेरून टोळीत आलेल्या नराचा नंबर सगळ्यांच्या शेवटी लागतो. सिंहांच्या कळपातही पिढ्यान्पिढ्या तिथेच टिकून राहतात त्या सिंहिणीच. नर येतात, काही काळ राहतात आणि दुसऱ्या नरांनी हाकलले की जातात. बापानंतर मुलगा गादीवर, हा प्रकार तिथे नाही. आता सांगा, राजपुत्राची ती गोष्ट सिंहांची आहे की माणसांची?

तुम्ही म्हणाल, गंमत म्हणून काढलेलं कार्टून, एवढं काय मनावर घ्यायचं? थांबा. अमेरिकेत बर्कली इथे स्टीफन ग्लिकमन नावाचे शास्त्रज्ञ तरसांची एक वसाहत सांभाळून त्यांचा अभ्यास करत. या सिनेमाचे चित्रकार तिथे जाऊन तरस बघून, रेखाटनं करून आले होते. शास्त्रज्ञांची त्यांना एवढीच विनंती होती, की आमच्या तरसांना जरा बरं दाखवा. सिनेमा आल्यावर ग्लिकमन यांनी १९९५ साली एक लांबलचक लेख लिहिला. ॲरिस्टॉटलच्या काळापासून 'लायन किंग'पर्यंत या प्राण्याची कशी बदनामी होत आली, याचा तो लेख. बदनामीने प्राणी मरतो का? मरतो. ज्याच्याबद्दल कुणालाच माया नाही, त्याला वाचवायला पुढे कोण येणार?

आपल्या महाराष्ट्रातही तरस आहे. तो पट्ट्यापट्ट्यांचा, आफ्रिकेतल्या तरसाचा चुलतभाऊ. पुणे, सोलापूर, अहिल्यानगरच्या माळरानांवर तो रात्री फिरतो. मेलेली गुरं, हाडंसुद्धा, तो साफ करून टाकतो, म्हणजे बिनपगारी सफाई कामगारच म्हणा. जगभरच्या नोंदीत त्याचं नाव धोक्याच्या उंबरठ्यावरच्या प्राण्यांत आहे. माळरानं कमी होताहेत, रस्ते वाढताहेत आणि रात्री गाडीच्या दिव्यांपुढे तो गोंधळून उभा राहतो. तुमच्यापैकी कुणी माळालगतच्या गावात राहत असाल, तर तरस दिसल्यावर आधी दगड उचलला जातो हे तुम्हाला मी सांगायला नकोच.

दुसरी जोडी जरा गोड आहे. 'बी मूव्ही', २००७ सालचा. नायक बॅरी नावाचा मधमाशा. मुद्दामच 'मधमाशा' म्हणतोय, कारण तो मुलगा आहे आणि त्याला नांगीसुद्धा आहे! शेजारी ठेवायचं पुस्तक कार्ल फॉन फ्रिश यांचं, 'द डान्सिंग बीज'. मूळ जर्मन पुस्तक १९२७ सालचं आणि मुद्दाम साध्या वाचकांसाठी लिहिलेलं. ते पहिल्या काही पानांतच तुमच्या बॅरीची दांडी उडवतं. पोळ्यातली सगळी कामं, म्हणजे झाडलोट, बाळांना भरवणं, पहारा, फुलांवर जाणं, हे सगळं करणाऱ्या कामकरी माश्या. त्या झाडून सगळ्या माद्या. नरांना नांगी नसते, मध गोळा करणं त्यांना ठाऊक नसतं आणि हंगाम संपला की कामकरी माश्या त्यांना सरळ घराबाहेर काढतात. खराखुरा सिनेमा काढला असता तर बॅरी पहिल्या भागातच दाराबाहेर!

पण त्या पुस्तकातली खरी मेजवानी पुढे आहे. फ्रिशसाहेबांनी काचेच्या भिंतींचं पोळं तयार केलं आणि माश्यांच्या पाठीवर रंगाचे इवलेसे ठिपके दिले, म्हणजे कोण कुठली ते ओळखू यावं. लांबवर फुलं सापडलेली माशी घरी आली की अंधाऱ्या, उभ्या पोळ्यावर नाचते. शेपटाकडचा भाग थरथरवत एका रेषेत चालते, वळसा घेऊन परत येते, पुन्हा तीच रेष. ही रेष सरळ वरच्या दिशेने असेल तर निरोप असा, की सूर्याच्या दिशेने उडा. उजवीकडे तीस अंश कललेली असेल तर सूर्याच्या उजवीकडे तीस अंश. आणि थरथर जितकी जास्त वेळ, तितकी फुलं लांब. ना नकाशा, ना पाटी! या संशोधनासाठी त्यांना १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळालं. त्याच वर्षी त्यांच्या जोडीने नोबेल मिळालेल्या दोघांपैकी एक होते निको टिंबरगेन, आणि मघाचे ते रात्री तरसांमागे हिंडणारे क्रूक हे या टिंबरगेन यांचे विद्यार्थी. पुस्तकांची नातीगोती अशी असतात.

ज्यांना हे डोळ्यांनी बघायचंय त्यांनी पुण्याला आलात तर १९६२ पासून सुरू असलेल्या केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्थेची चौकशी करा. नाहीतर महाबळेश्वरला जाल तेव्हा जवळच मांघर गाव आहे. २०२२ पासून ते 'मधाचं गाव' म्हणून ओळखलं जातं. तिथे सातेरी माश्यांच्या पेट्या बघायला मिळतील. आग्या मोहोळ मात्र लांबूनच. तिथे धिटाई दाखवायची नाही.

'फाइंडिंग नेमो'बद्दल थोडक्यात सांगतो, कारण या जोडीतली गंमत एका वाक्यात संपते. २००३ सालच्या या सिनेमात नेमोची आई सुरुवातीलाच जाते आणि बाबा एकटे त्याला वाढवतात. आता हे मासे समुद्रफुलाच्या झुबक्यात राहतात आणि त्यांच्यात सगळ्यात मोठी असते ती मादी. ती गेली, की तिच्याखालचा मोठा नर हळूहळू स्वतःच मादी बनतो! म्हणजे निसर्गाने सिनेमा काढला असता, तर नेमोचे बाबा नेमोची आई झाले असते. शेजारी रेचेल कार्सन यांचं 'द एज ऑफ द सी' (१९५५) ठेवा. त्यात हे मासे नाहीत, अमेरिकेचा किनारा आहे, पण भरती-ओहोटीच्या मधल्या पट्टीत कोण कोण राहतं ते इतकं नेटकं क्वचितच कुणी लिहिलं असेल. मुंबईकरांनी ओहोटीचं वेळापत्रक बघून मोठ्या माणसाबरोबर हाजीअलीजवळच्या खडकांवर जावं. समुद्रफुलं तिथेही आहेत. बोट घालू नका.

अरे हो, एक राहिलंच. हा सिनेमा पाहून लोकांनी घरच्या टाक्यांसाठी हे मासे भराभर विकत घेतले, असं खूप ठिकाणी छापून आलं. २०१९ साली काही संशोधकांनी 'फाइंडिंग डोरी' या पुढच्या भागाच्या बाबतीत आकडे तपासले, तर लोकांनी त्या माशाची माहिती जास्त शोधली होती, पण माशांची आयात वाढल्याचं काही दिसलं नाही. तेव्हा आजोबांना सांग, छापलेलं म्हणून सगळं खरं, असंही नसतं!

आता एक जोडी अशी, की जी भांडतच नाही. 'तोत्तोचान' कुणाकुणाच्या घरी आहे? तेत्सुको कुरोयानागी यांनी स्वतःच्या शाळेबद्दल लिहिलेलं हे पुस्तक १९८१ सालचं. मराठीत ते चेतना सरदेशमुख गोसावी यांनी आणलंय, नॅशनल बुक ट्रस्टचं. आगगाडीच्या जुन्या डब्यांत भरणारी शाळा आणि पहिल्याच दिवशी मुलीचं बोलणं तासन्‌तास ऐकून घेणारे मुख्याध्यापक, हे काही कुणी रचलेलं नाही. टोकियोत ती शाळा खरोखर होती आणि १९४५ मध्ये बाँबहल्ल्यात जळून गेली. या पुस्तकावर कार्टूनपट निघाला तो थेट २०२३ साली, बेचाळीस वर्षांनी! मामाच्या खोक्यात तो असणं कठीण आहे, पण कुठे मिळाला तर आधी पुस्तक वाचा आणि मगच बघा. पुस्तकात युद्ध हळूच, डब्यातल्या खाऊसारखं रोज थोडं कमी कमी होत येतं. सिनेमात ते रस्त्यावर दिसतं. दोन्ही आपापल्या जागी बरोबर.

शेवटच्या जोडीला तबकडीच नाही, ती तुम्ही बनवायची. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली 'आगकाड्यांची मौज' नावाची छोटी फिल्म केली होती. काडी जराशी सरकवायची, एक चित्र घ्यायचं, पुन्हा सरकवायची, पुन्हा चित्र. भराभर दाखवलं की काड्या आपोआप चालतात! ती फिल्म आज बघायला मिळत नाही. पण काड्यांचं पुस्तक मिळतं. अरविंद गुप्ता यांनी काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे वापरून आकार कसे करायचे, ते लिहून ठेवलंय. चार काड्यांचा चौकोन करा आणि कोपऱ्यात दाबा. लगेच कलतो. तीन काड्यांचा त्रिकोण करा. कितीही दाबा, आकार बदलत नाही. लोखंडी पुलाला इतके त्रिकोण का असतात, ते तिथेच कळतं.

तर आईचा फोन दोन पुस्तकांच्या मध्ये घट्ट उभा करा, तो हलता कामा नये. गुल खरवडून टाकलेल्या काड्या घ्या. एका सेकंदाला बारा चित्रं धरली, तर पाच सेकंदांच्या करामतीला साठ चित्रं लागतील. दर वेळी काडी तांदळाच्या दाण्याएवढीच सरकवायची. घाई केलीत तर काडी चालणार नाही, उड्या मारेल. चौकोन कलतोय आणि मध्ये एक तिरकी काडी येऊन त्याला ताठ उभं करते, एवढीच गोष्ट पुरे.

आणि हो, 'एक होता कार्व्हर' या वीणा गवाणकरांच्या पुस्तकाशेजारी तुम्ही कोणती तबकडी ठेवाल? कार्ड पाठवा. कारण मात्र दोन ओळींत लिहायचं, आणि "आवडली म्हणून" हे कारण चालणार नाही.