प्लॉट आपला, तर झाडपण आपलंच



आजवर आपण दाव्यांचे कागद, पुरावे, मोजणी यावरच बोलत आलो. आज आम्ही पाड्यांवरची तरुण पोरं-पोरी जमिनीबद्दल बोलतोय. ज्यांचा दावा मंजूर झाला त्यांच्या हातात पट्टा आला, नवरा-बायको दोघांचं नाव लागलं. पण प्लॉटमध्ये माती किती उरलीय, ते एकदा वाकून बघा.

आपल्या जव्हार-मोखाड्यात पाऊस ढिगानं पडतो, नि होळी सरली की बाया हंडा घेऊन झऱ्यावर बसतात. पूर्वी नागली, वरी, खुरासणी अशी पिकं घेऊन जमीन काही वर्षं पड टाकायचो. आता एवढ्याशा तुकड्यात पड टाकणार कुठं? दर पावसाळ्यात माती ओहोळात जाते नि खालचा दगड वर येतो.

जंगलवाले म्हणतात, तुम्हीच झाडं तोडली. तोडली, खोटं कशाला बोला? पण इंग्रजांच्या काळापासून लाकडासाठी, कोळशासाठी कूप कोणी तोडायला दिले? नि प्लॉटात झाड उभं दिसलं की ‘हे जंगल आहे’ म्हणून जमीन काढून घेतील, ही भीती होती. म्हणून आपल्या बापांनी फुटवा दिसला की छाटला. उघडी जमीन हाच कब्जाचा पुरावा होता.

ती भीती अजून मनात आहे. पण 2006 चा वनहक्क कायदा नीट वाचा. झाड लावलं म्हणून पट्टा रद्द होतो, असं त्यात कुठंच लिहिलेलं नाय. पट्टा विकता येत नाय, पण पोराबाळांकडे जातो. मग नातवासाठी मोह लावायला काय हरकत आहे?

आज्या विचारतात, झाड मोठं होईस्तोवर खायचं काय? बरोबर आहे. म्हणून सगळा प्लॉट झाडांनी भरायचा नाय. मधे नागली-वरी चालू ठेवायची. झाडं बांधावर नि ओघळीच्या कडेला. बांधावरची तूर त्याच वर्षी मिळते, शेवगा वर्षा-दोन वर्षांत, बांबू चार-पाच वर्षांत. मोह, हिरडा, आंबा मागून येतील. मोहाची बी ताजीच पेरावी, ठेवून दिली तर उगवत नाय. ऐनाच्या जुन्या खुंटाला फुटवे येतात, त्यातले एक-दोन सरळ ठेवा नि बाकीचे राबाला घ्या.

पण हे एकट्याचं काम नाय. एकानं लावलं नि गावाच्या शेळ्या मोकळ्या, तर दिवाळीनंतर काडीसुद्धा उरत नाय. वणवा तर कोणाचाच बांध बघत नाय. म्हणून दगडी बांध सावडीनं घाला, नि चराई कुठं बंद, कुठं चालू, ते ग्रामसभेत ठरवा. ज्यांना प्लॉटच नाय, फक्त चार शेळ्या आहेत, त्यांना आधी विचारा. त्यांच्या पोटावर पाय देऊन झाडं जगणार नायत.

कोणतं झाड लावायचं तेपण ग्रामसभेनंच ठरवायचं, नि त्यात बायांचं ऐकायचं. सरपण, पाला, मोहफुलं त्याच आणतात. बाहेरून कोणी रोपवन आणलं नि निलगिरी पुढं केली, तर ठरावाशिवाय खड्डा खणू देऊ नका. प्लॉटाबाहेरच्या उघड्या टेकडीसाठी सामूहिक वनहक्काचा दावा टाका. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला तो हक्क 2009 मध्ये मिळाला, नि 2011 पासून तिथं ग्रामसभाच आपला बांबू विकू लागली.

पाऊस लागायच्या आत पाड्यापाड्यात बैठक घ्या. ठराव लिहा, सह्या-अंगठे घ्या, एक प्रत आपल्याकडे ठेवा. जमिनीसाठी मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या. ती जमीन आता ओहोळानं वाहून नेली, तर पट्ट्याचा कागद काय चाटायचा?

जिंदाबाद!