आधी पट्टी, मग पुस्तक

जामसांवलीच्या हनुमंतापुढे असो की आपल्या गल्लीत, भजनाला बसण्यापूर्वी पेटीवाला पट्टी विचारतो. ती जमली नाही, तर पद कितीही गोड असले तरी रंग भरत नाही. जॅझचे स्वरलिपीसंग्रह विकत घेणाऱ्या आपल्या तरुण वादकांना नेमका याच गोष्टीचा विसर पडतो.

ते गाण्यांची संख्या मोजतात. वास्तविक पहिला प्रश्न असावा, पुस्तक कोणत्या वाद्यासाठी छापले आहे? कागदावरचा एकच 'सी' पियानोतून पांढरी एक म्हणून ऐकू येतो, ट्रंपेटमधून काळी पाच आणि आल्टो सॅक्सोफोनमधून काळी दोन! म्हणून सी, बी-फ्लॅट आणि ई-फ्लॅट अशा तिन्ही आवृत्त्यांत मिळणारा संग्रहच चार जणांत उपयोगी. बोस्टनमध्ये १९७०च्या दशकात परवानगीवाचून निघालेले आणि २००४ साली अधिकृत झालेले 'द रिअल बुक' असे मिळते. त्यात चाल आणि वर कॉर्डची नावे, एवढेच; उरलेले एकमेकांचे ऐकून भरायचे.

कोणी म्हणेल, कान तयार असता कागद कशाला? परंतु गोव्यातील चर्चच्या शाळांतून स्वरलिपी शिकून आलेल्या वादकांनीच मुंबईचा जॅझ गाजवला. वाचनाने त्यांचा कान बोथट झाला नाही.

तेव्हा चौघांनी चार निराळे जाडजूड ग्रंथ आणू नयेत. एकच संग्रह, ज्याच्या त्याच्या वाद्याच्या आवृत्तीत घ्यावा आणि त्यातली दहा गाणी सर्वांनी मिळून पक्की करावीत. मैफल तिथून सुरू होते.