पदवी दिली, पेन दिले नाही

महाराष्ट्र सरकारने २०१४ साली कायद्यात दुरुस्ती करून होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठी एक वाट मोकळी केली. आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम करा आणि अ‍ॅलोपॅथीची औषधे लिहा, अशी ती वाट. त्यावरून डॉक्टरांच्या संघटना न्यायालयात गेल्या, संप झाले. त्या वादात मला आज शिरायचे नाही. मला एवढेच विचारायचे आहे की, हा दरवाजा उघडताना दाराशी आधीपासून उभी असलेली नर्स कुणालाच कशी दिसली नाही?

ती चार वर्षे बीएस्सी नर्सिंग करते. शरीररचना, औषधशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र शिकते आणि तेही आधुनिक वैद्यकाचेच. मग वॉर्डात काम करते. त्यानंतर दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण घेऊन नर्स प्रॅक्टिशनर होते. आणि एवढे करूनही स्वतःच्या सहीने साधे अँटिबायोटिक लिहिण्याचा अधिकार तिला मिळत नाही. एका पदवीधराला एका वर्षात जे मिळू शकते, ते दुसऱ्या पदवीधराला सहा-सात वर्षांत का मिळत नाही? ज्ञान कमी पडते म्हणून, की ती 'सिस्टर' आहे म्हणून?

नर्स प्रॅक्टिशनर हा शब्द आपल्याकडे अजून रुळलेला नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. १९६५ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या परिचारिकेने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांनी मिळून याची सुरुवात केली. लहान मुलांना तपासायला पुरेसे डॉक्टर नव्हते, परिचारिका होत्या. त्यांना तपासणी, निदान आणि साध्या आजारांवरचे उपचार शिकवले तर काय हरकत आहे, असा तो साधा विचार होता. सुरुवातीला काही महिन्यांचा असलेला हा अभ्यासक्रम पुढे पदव्युत्तर झाला. आज तिथे नर्स प्रॅक्टिशनर व्हायचे तर नर्सिंगमध्ये मास्टर्स किंवा डॉक्टरेट करावी लागते, राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा द्यावी लागते आणि मग राज्याचा परवाना मिळतो. निम्म्याहून अधिक राज्यांत ती डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय रुग्ण तपासते, औषधे लिहिते.

याची पारखही झालेली आहे. कॅनडातल्या ओंटारियोमध्ये सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला काही कुटुंबे डॉक्टरांकडे आणि काही नर्स प्रॅक्टिशनरकडे सोपवून तुलना करण्यात आली. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन्ही गटांच्या प्रकृतीत फरक आढळला नाही. न्यूयॉर्कमध्ये तेराशेहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही असेच दिसले. म्हणजे हा प्रयोग म्हणावा इतकाही नवा राहिलेला नाही.

भारतात काय झाले? २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात नर्स प्रॅक्टिशनरचा उल्लेख आला. त्याच सुमारास भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता विभागासाठी दोन वर्षांचा पदव्युत्तर निवासी अभ्यासक्रम आणला. प्रवेशासाठी बीएस्सी नर्सिंग, नोंदणी आणि वॉर्डातला अनुभव हवा. शिक्षणाचा मोठा भाग वर्गात नव्हे तर रुग्णाच्या खाटेजवळ होतो. व्हेंटिलेटर, रक्तदाब टिकवणारी औषधे, रक्तातल्या वायूंची तपासणी, जंतुसंसर्गाची लक्षणे, सगळे त्यात आहे. कागदावर अभ्यासक्रम उत्तम आहे. पण अधिकाराची वेळ आली की त्याच कागदावर 'संस्थेच्या नियमावलीनुसार' असे शब्द येतात. घोडे इथेच पेंड खाते.

संस्थेची नियमावली म्हणजे त्या-त्या हॉस्पिटलची मर्जी. एका हॉस्पिटलने परवानगी दिली तर नर्स प्रॅक्टिशनर तपासण्या सांगू शकते, दुसऱ्याने नाही दिली तर ती पुन्हा स्टाफ नर्स. बाहेर औषधाच्या दुकानात तर तिच्या चिठ्ठीला काहीच किंमत नाही, कारण औषधविषयक नियमांना नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकाचीच चिठ्ठी लागते आणि तिची नोंदणी परिचर्या परिषदेकडे असते. एका खात्याने पदवी द्यायची आणि दुसऱ्या कायद्याने ती निकामी करायची, असा हा कारभार आहे.

माझ्या भाचीने हा अभ्यासक्रम केला आहे. ती ज्या खासगी हॉस्पिटलात काम करते तिथे रात्री अतिदक्षता विभाग एका आरएमओवर चालतो. ते आरएमओ आयुर्वेदाचे पदवीधर आहेत. माणूस भला आहे, पण व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचे शिक्षण त्यांना कुणी दिलेले नाही. एका रात्री एका रुग्णाची लघवी कमी झाली, नाडी वाढली, रक्तदाब उतरू लागला. हा जंतुसंसर्ग रक्तात पसरतो आहे हे भाचीने ओळखले. मोठे डॉक्टर फोन उचलत नव्हते. आरएमओंनी तिलाच विचारले, ''सिस्टर, काय देऊ या?'' तिने सांगितले, त्यांनी लिहिले. मला हे सांगताना ती म्हणाली, ''मामू, औषध मी सुचवते, डोस मी काढते, आणि कागदावर सही त्यांची. उद्या काही चुकलं तर मात्र नोटीस मला येईल.''

तिचे हॉस्पिटल जगावेगळे नाही. खासगी हॉस्पिटलात रात्री रुग्ण दाखल केलेल्या कुणालाही विचारा. आपल्याकडे नर्स निर्णय घेत नाही असे नाही. ती रोज घेते, पण दुसऱ्याच्या ओंजळीने. अधिकार नसल्यामुळे तिला श्रेय मिळत नाही, पगार मिळत नाही आणि संरक्षणही मिळत नाही. रुग्णाचे नुकसान याहून मोठे आहे. ज्याला कळते त्याने लिहायचे नाही आणि ज्याने लिहायचे त्याला कळत नाही, या व्यवस्थेत मधली जी मिनिटे जातात ती रुग्णाच्या आयुष्यातून जातात.

आता पगाराचे पाहा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने सुचवले होते की, पन्नास खाटांहून लहान खासगी हॉस्पिटलातही नर्सला महिना २०,००० रुपयांपेक्षा कमी पगार नसावा आणि दोनशेहून जास्त खाटा असतील तर तो सरकारी नर्सच्या बरोबरीचा असावा. तुमच्या ओळखीच्या एखाद्या नर्सला विचारा, तिला किती मिळतात. साध्या नर्सची ही गत असेल तर दोन वर्षे आणि काही लाख रुपये खर्चून नर्स प्रॅक्टिशनर झालेलीने कोणत्या आशेवर राहायचे? तिच्यासाठी वेगळे पद नाही, वेगळी वेतनश्रेणी नाही. मग ती आखाती देशाचे, नाहीतर इंग्लंड-आयर्लंडचे विमान पकडते. आणि आपण इथे 'ब्रेन ड्रेन'वर परिसंवाद घेतो.

डॉक्टरांच्या संघटनांचा आक्षेप ठाऊक आहे. अर्धवट शिकलेले लोक रुग्णांच्या जिवाशी खेळतील, गरिबांना दुय्यम दर्जाचे उपचार मिळतील, असे त्या म्हणतात. हा आक्षेप मी झटकून टाकणार नाही. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतल्या तातडीच्या विभागांचा अलीकडे अभ्यास झाला. तिथे नर्स प्रॅक्टिशनरने पाहिलेल्या रुग्णांवर सरासरी खर्च जास्त झाला आणि परिणामही काहीसे उणे दिसले. पण त्याच अभ्यासात हेही दिसले की दोन व्यवसायांमधल्या फरकापेक्षा एकाच व्यवसायातल्या व्यक्तीव्यक्तींमधला फरक मोठा आहे. यातून धडा एवढाच की, कोणते काम कुणाला आणि किती प्रशिक्षणानंतर द्यायचे, हे नीट ठरवले पाहिजे. कामच देऊ नका, असा धडा त्यातून निघत नाही.

शिवाय आक्षेप घेणाऱ्यांनी एका गोष्टीचे उत्तर द्यावे. २०१८ पासून उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जात आहेत. त्यात नर्सिंगचे पदवीधर आहेत, आयुर्वेदाचेही आहेत. सहा महिन्यांच्या प्रशिक्षणावर ते गावातला मधुमेह आणि रक्तदाब सांभाळतात, तेही कंत्राटावर. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात कलम ३२ आले. प्राथमिक आरोग्यसेवेत काही ठरावीक औषधे स्वतंत्रपणे लिहिण्याचा मर्यादित परवाना देण्याची तरतूद त्यात आहे. त्या कलमाविरुद्ध देशभर डॉक्टर रस्त्यावर उतरले. कलम कायद्यात राहिले, वॉर्डात काही दिसले नाही. गरिबाला दुय्यम उपचार नकोत, हे मान्य. मग जिथे एमबीबीएस डॉक्टर जायला तयार नाही, तिथे त्या गरिबाने काय करावे, याचे उत्तर गेली कित्येक वर्षे कुणी दिलेले नाही. त्याच्या वाट्याला तिथे जो येतो तो बोगस डॉक्टर असतो. सहा महिन्यांपेक्षा दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण चांगले, एवढे तरी सर्वांना मान्य व्हायला हरकत नसावी.

मात्र अधिकार मागताना दर्जाकडे डोळेझाक नको. अमेरिकेत गेल्या काही वर्षांत ऑनलाइन अभ्यासक्रमांचे पेव फुटले. प्रत्यक्ष रुग्णसेवेचे किमान तास बराच काळ फक्त ५०० होते, २०२२ च्या नव्या निकषांत ते ७५० झाले. अनेक ठिकाणी विद्यार्थिनीनेच आपल्याला शिकवणारा डॉक्टर किंवा नर्स शोधून आणायची, अशी अवस्था आहे. आपल्याकडे तर शिक्षणसम्राटांची परंपराच आहे. हॉस्पिटल नावापुरते, रुग्ण तपासणीच्या दिवसापुरते आणि हजेरी कागदावरची, हा प्रकार नर्सिंग कॉलेजांना नवा नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तेव्हा ज्या हॉस्पिटलात अतिदक्षता विभाग खरोखर भरलेला असतो आणि शिकवणारे खरोखर हजर असतात, तिथेच हा अभ्यासक्रम चालला पाहिजे.

आता थोडे आपल्या घरात डोकावू या. कारण दोष केवळ सरकारचा नाही.

आपल्या मोहल्ल्यांतल्या मुली आता दहावी-बारावीत मुलांच्या पुढे आहेत. बारावीनंतर घरात एकच शब्द असतो, नीट. एकदा झाले नाही तर दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. एमबीबीएस हुकले तर बीयूएमएस. तेही नाही जमले तर बीएस्सी नाहीतर डीएड, आणि मग निकाह. नर्सिंगचे नाव काढले की घरातल्या मोठ्यांचे चेहरे उतरतात. रात्रपाळी असते, परक्या पुरुषांना हात लावावा लागतो, स्थळे येणार नाहीत. हीच माणसे आपली आई आजारी पडली की, 'लेडीज नर्स आहे का?' असे आधी विचारतात. लोकांच्या मुलींनी आपल्या आईची सेवा करावी आणि आपल्या मुलीने मात्र ती करू नये, याला काय म्हणायचे?

ज्यांना हा पेशा कमी दर्जाचा वाटतो त्यांनी सीरतची पाने पुन्हा उलटावीत. रुफैदा अल-अस्लमिया यांचा तंबू मदिन्यात मस्जिदीच्या आवारात होता. खंदकच्या लढाईत जखमी झालेले साद बिन मुआज यांना तिथे नेण्यास प्रेषितांनी सांगितले, असे त्या ग्रंथांत येते. मस्जिदीच्या अंगणात ज्या कामाला जागा मिळाली, त्याला आपल्या दिवाणखान्यात जागा नाही! आणि आपण ज्या मातीत राहतो तिथे १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. हा वारसा आपलाही आहे.

आपल्या संस्थाचालकांनाही एक विचारायचे आहे. डीएड, बीएड, पॉलिटेक्निक, युनानी अशी कॉलेजे आपण गावोगावी काढली. चांगली नर्सिंग कॉलेजे त्या मानाने किती? ख्रिस्ती मिशनऱ्यांनी हे काम शंभर वर्षांपूर्वी हाती घेतले. वेल्लोरला आयडा स्कडर यांनी १९०९ साली नर्सिंगची शाळा काढली आणि १९४६ मध्ये तिथे पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. आज केरळची नर्स जगभर दिसते, त्यामागे अशा संस्थांची कित्येक दशकांची मेहनत आहे. नुसत्या जलशांतून आणि सत्कारांतून समाज पुढे जात नसतो.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. औषधांची एक ठरावीक यादी करा आणि त्या यादीपुरता लिहिण्याचा अधिकार नर्स प्रॅक्टिशनरला कायद्याने द्या. तो हॉस्पिटलच्या मर्जीवर सोडू नका. सरकारी रुग्णालयांत या नावाचे पद आणि वेगळी वेतनश्रेणी निर्माण करा. अभ्यासक्रमाची तपासणी कागदावर नव्हे, खाटेजवळ करा. परिचर्या परिषदेचा १९४७ चा कायदा जाऊन २०२३ मध्ये नवा आयोग कायदा झाला आहे. नुसती पाटी बदलायची नसेल तर हीच वेळ आहे. आणि आपल्या ट्रस्टांनी व जकात गोळा करणाऱ्या संस्थांनी दरवर्षी चार-दोन गरजू मुलींची तरी पदव्युत्तर नर्सिंगची फी भरावी. त्यासाठी कुठल्याही अध्यादेशाची वाट पाहावी लागत नाही.

डॉक्टरांशी माझे भांडण नाही. त्यांची जागा कुणी घेत नाही आणि घेऊही शकत नाही. पण रात्री तीन वाजता रुग्णाजवळ जी जागी असते, जिला आपणच सहा-सात वर्षे शिकवले, तिच्या हातात सलाईन द्यायचे आणि पेन द्यायचे नाही, हा अन्याय आहे. ती यापुढेही निर्णय घेतच राहणार. ते तिच्या नावाने, तिच्या जबाबदारीवर आणि कायद्याच्या संरक्षणात घेऊ द्यायचे की नाही, एवढेच आपल्याला ठरवायचे आहे.