विश्लेषण : निवांत सुट्टीसाठी प्रसिद्ध असलेल्या लेक कोमोला गर्दीने का घेरलं?

उत्तर इटलीतल्या लेक कोमोची हवा डब्यात भरून विकायला आल्याची बातमी २०२४ मध्ये जगभर वाचली गेली. ४०० मिलिलिटरच्या एका डब्याची किंमत होती ९.९० युरो. त्याच वर्षी कोमो शहराचे महापौर आलेस्सांद्रो रापिनेसे यांनी दिवसापुरत्या येणाऱ्या पर्यटकांवर शुल्क लावण्याचा विचार बोलून दाखवला. या दोन बातम्या एकत्र वाचल्या की तिथली अडचण लक्षात येते. सरोवराकाठी चार निवांत क्षण मिळावेत म्हणून जग तिथे जातं आणि सगळे एकदम गेल्यामुळे तो निवांतपणा ना पाहुण्यांना मिळतो, ना गावकऱ्यांना. ही गर्दी नेमकी कोणाची, तिचा भार कोणावर पडतो आणि शुल्क लावून प्रश्न सुटेल का, हे समजून घेऊया.

लेक कोमो नेमकं कुठे आहे?

लेक कोमो इटलीच्या लोम्बार्दी प्रांतात, आल्प्सच्या पायथ्याशी आहे. क्षेत्रफळ सुमारे १४६ चौरस किलोमीटर आणि खोली ४०० मीटरहून जास्त. नकाशावर सरोवराचा आकार उलट्या ‘वाय’ अक्षरासारखा दिसतो. त्याच्या दोन फाट्यांमधल्या टोकावर बेलाजिओ हे गाव आहे. एका फाट्याच्या तळाशी कोमो शहर, तर दुसऱ्याच्या तळाशी लेको. मिलानहून कोमोला रेल्वेने तासाभराच्या आत पोहोचता येतं. पूर्व काठावरच्या वारेन्ना गावालाही साधारण तासाभरात जाता येतं आणि तिथून फेरीबोटीने बेलाजिओ गाठता येतं.

कोमो शहराची लोकसंख्या ८० हजारांहून जास्त आहे. बेलाजिओत मात्र साडेतीन ते पावणेचार हजार लोक राहतात. वारेन्नाची लोकसंख्या हजाराच्याही खाली आहे. पुढचा सगळा प्रश्न समजून घेताना हे आकडे लक्षात ठेवावे लागतील.

हे ठिकाण इतकं प्रसिद्ध कसं झालं?

आराम करायला इथे येण्याची पद्धत नवी नाही. रोमन लेखक धाकटा प्लिनी मूळचा कोमोचा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी त्याची या सरोवराकाठी घरं होती. पुढे युरोपातल्या श्रीमंत घराण्यांनी इथे बागा आणि हवेल्या उभारल्या. अलीकडच्या काळात सिनेमाने यात भर घातली. लेन्नो गावातल्या ‘व्हिला देल बाल्बियानेल्लो’मध्ये ‘स्टार वॉर्स’ मालिकेतल्या २००२ च्या चित्रपटाचं आणि २००६ च्या ‘कसिनो रॉयल’ या बॉण्डपटाचं चित्रीकरण झालं. अभिनेता जॉर्ज क्लूनी यांनी २००२ मध्ये लालिओ गावात हवेली घेतल्यावर हे सरोवर गॉसिप सदरांमध्येही झळकू लागलं.

भारतात हे नाव घरोघरी पोहोचलं ते २०१८ मध्ये. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये ईशा अंबानी आणि आनंद पिरामल यांचा साखरपुडा लेक कोमोला झाला. नोव्हेंबरमध्ये दीपिका पदुकोण आणि रणवीर सिंग यांनी बाल्बियानेल्लोमध्येच लग्न केलं, एक दिवस कोंकणी पद्धतीने आणि दुसऱ्या दिवशी सिंधी पद्धतीने. त्या फोटोंमधला घाट आणि मागचे डोंगर आपल्याकडच्या अनेकांच्या ‘एकदा जायचंय’ यादीत तेव्हापासून आहेत.

मग अडचण कुठे आली?

इटलीत एकूणच पर्यटन वाढतं आहे. २०२३ मध्ये देशभरात पर्यटकांच्या मुक्कामाच्या रात्रींची संख्या ४४ कोटी ७० लाखांच्या घरात गेली. तो तोपर्यंतचा विक्रम होता. पण कोमोची अडचण केवळ पर्यटकांच्या संख्येमुळे झालेली नाही. ते कोणत्या वेळी येतात आणि कुठे जातात, हे तितकंच महत्त्वाचं आहे.

मिलानहून एका दिवसासाठी येणाऱ्या पर्यटकाचा कार्यक्रम जवळपास ठरलेला असतो. सकाळी रेल्वे, मग फेरीबोट, दुपारी बेलाजिओ, संध्याकाळी परत. सगळ्यांच्या हातात तीच फोटोंची यादी असते. त्यामुळे बारमाही वस्तीच्या गावांवर दिवसातले पाच-सहा तास प्रचंड ताण येतो आणि शेवटच्या बोटी गेल्यावर गाव ओसरतं. सरोवराला शंभरहून अधिक किलोमीटरचा काठ आहे, पण गर्दी एकवटते ती मोजक्या धक्क्यांवर आणि पायऱ्यांच्या गल्ल्यांमध्ये.

भूगोलही मदतीला येत नाही. एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला थेट डोंगर असल्याने रस्ता रुंद करायला जागाच नाही. पश्चिम काठावरचा ‘रेजिना’ हा जुना रस्ता काही ठिकाणी इतका अरुंद आहे की समोरून बस आली की वाहनं थांबतात. त्यावर तोडगा म्हणून सुमारे १० किलोमीटरचा, बहुतांश बोगद्यांतून जाणारा पर्यायी मार्ग बांधला जात आहे.

गावकऱ्यांना कामावर, शाळेत किंवा दवाखान्यात जायचं तरी हाच रस्ता आणि हीच बोट. बोटीच्या रांगेत पर्यटकाचा अर्धा तास गेला तर त्याची सहल थोडी बिघडते. रोज त्याच रांगेत उभं राहणाऱ्याचं मात्र जगणं अवघड होतं.

पर्यटक पैसे आणतात, मग तक्रार कशाला?

पैसा येतो हे खरं. रेशीम उद्योगासाठी ओळखल्या जाणाऱ्या कोमोत चिनी मालाच्या स्पर्धेमुळे अनेक कारखान्यांचं काम घटलं. अशा वेळी हॉटेलं, खानावळी आणि बोटींनी रोजगार दिला. प्रश्न आहे तो पैसा आणि खर्च यांच्या वाटपाचा.

इटलीतल्या नगरपालिका पर्यटकांकडून जो कर घेतात, तो रात्रीच्या मुक्कामावर असतो. हॉटेलात किंवा भाड्याच्या घरात राहणारा माणूस दर रात्रीमागे ठराविक रक्कम देतो. सकाळी येऊन संध्याकाळी जाणारा हा कर देत नाही. मात्र कचरा उचलणं, स्वच्छतागृहं आणि वाहतूक पोलीस यांचा खर्च त्याच्यामुळेही वाढतो. म्हणजे गावात थांबून दोन जेवणं घेणारा कर भरतो आणि गावाला सर्वात कमी देऊन जाणारा त्यातून सुटतो.

दुसरा मुद्दा घरांचा. दिवसाच्या भाड्याने जास्त पैसे मिळत असतील, तर घरमालक शिक्षकाला किंवा वेटरला वर्षभरासाठी घर का देईल? इटलीने यावर काही पावलं टाकली आहेत. मालकाच्या दुसऱ्या आणि त्यापुढच्या अल्पकालीन भाड्याच्या घरांवरचा सवलतीचा कर २०२४ पासून २१ टक्क्यांऐवजी २६ टक्के झाला. अशा प्रत्येक घराला राष्ट्रीय ओळख क्रमांक घेणंही १ जानेवारी २०२५ पासून बंधनकारक आहे. यामुळे घरांची मोजदाद होईल आणि करचुकवेगिरीला आळा बसेल. एका गावात अशी घरं किती असावीत, यावर मात्र त्यातून मर्यादा येत नाही.

प्रवेश शुल्क लावलं तर?

याचं सर्वात जवळचं उदाहरण व्हेनिसचं. तिथे २५ एप्रिल २०२४ पासून दिवसापुरत्या पर्यटकांना ५ युरो शुल्क सुरू झालं. पहिल्या वर्षी ते गर्दीच्या २९ दिवसांपुरतं होतं. सुमारे ४ लाख ८५ हजार जणांनी ते भरलं आणि शहराला २४ लाख युरो मिळाले. २०२५ मध्ये दिवस वाढवून ५४ केले गेले आणि आयत्या वेळी नोंदणी करणाऱ्यांसाठी शुल्क १० युरो झालं. तिजोरीत भर पडली, पण गर्दी कमी झाल्याचं दिसलं नाही, अशी टीका शहरातल्या विरोधकांनी केली. त्यामागचं कारण सोपं आहे. हजारो रुपये खर्चून आलेला माणूस पाच युरोंसाठी मागे फिरत नाही.

कोमोसाठी हा मार्ग आणखी कठीण आहे. व्हेनिसमध्ये शिरण्याचे मार्ग मोजके आहेत आणि शुल्कासाठी इटलीच्या संसदेने कायद्यात वेगळी तरतूद केली होती. कोमो सरोवराकाठी अनेक नगरपालिका आहेत, खुले रस्ते आहेत, बोटींचे धक्के आहेत. एका गावाने शुल्क लावलं तर पर्यटक शेजारच्या गावात उतरतील.

इतर ठिकाणी काय केलं गेलं?

पोर्तोफिनो या किनारी गावाने २०२३ मध्ये काही जागांवर फोटोसाठी रेंगाळायला मनाई केली आणि २७५ युरोंपर्यंत दंड ठेवला. ऑस्ट्रियातलं हालस्टाट हेही असंच सरोवराकाठचं छोटं गाव. तिथे २०२३ मध्ये सेल्फीच्या जागेवर लाकडी कुंपण घातलं गेलं, टीका झाल्यावर ते काढलं गेलं आणि नंतर गावकऱ्यांनीच गर्दीविरोधात आंदोलन केलं.

लोम्बार्दीतल्याच लेक इझेओचा अनुभव जास्त बोलका आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात कलाकार क्रिस्टो यांनी तिथे पाण्यावर तरंगणारे पिवळे मार्ग उभारले. १६ दिवसांत सुमारे १२ लाख लोक आले. मार्ग ज्या सुल्झानो गावातून सुरू होत, तिथली वस्ती दोन हजारांच्या आसपास. फरक इतकाच की ती गर्दी कधी संपणार याची तारीख ठरलेली होती. बेलाजिओच्या गर्दीला अशी तारीख नाही.

भारतीय पर्यटकांना काय करता येईल?

महाराष्ट्रातून युरोपला निघणारे बहुतेक जण मे महिन्याच्या सुट्टीत किंवा दिवाळीच्या आसपास जातात. मे महिन्यात इटलीतला हंगाम रंगात आलेला असतो. ऑक्टोबरमध्ये गर्दी तुलनेने ओसरते, मात्र नोव्हेंबरपासून अनेक हॉटेलं बंद होतात आणि बोटींच्या फेऱ्या कमी होतात.

ज्यांना शक्य आहे त्यांनी दोन तासांच्या धावत्या भेटीऐवजी एक रात्र मुक्काम करावा. सकाळी दहाच्या आधी आणि संध्याकाळच्या बोटींनंतर गाव मोकळं असतं, शिवाय मुक्कामाचा कर गावालाच मिळतो. हा कर अनेकदा हॉटेलच्या आगाऊ भरलेल्या रकमेत धरलेला नसतो, तो तिथे वेगळा द्यावा लागतो. बेलाजिओऐवजी मेनाज्जिओ किंवा लेकोत राहिलं तरी तेच पाणी आणि तेच डोंगर दिसतात.

पुढे काय?

पर्यटकांच्या चांगल्या सवयींनी प्रश्न थोडा हलका होईल, सुटणार नाही. आधी आरक्षण करून बोटीने येणाऱ्यांची संख्या ठरवणं, काठावरच्या सर्व नगरपालिकांनी एकत्र शुल्क आकारणं आणि वर्षभर राहणाऱ्यांसाठी घरं राखणं हे जास्त परिणामकारक पर्याय आहेत. त्यातला शेवटचा राजकीयदृष्ट्या सर्वात अवघड, कारण दिवसाच्या भाड्यावर कमावणारे घरमालक अनेकदा गावातलेच मतदार असतात.

हा निर्णय लांबला तर काय होतं, हे व्हेनिसकडे पाहून कळतं. तिथल्या ऐतिहासिक भागात १९५१ मध्ये सुमारे पावणेदोन लाख लोक राहत होते. आता ही संख्या ५० हजारांच्या खाली आहे. २०२३ मध्ये तर तिथे रहिवाशांपेक्षा पर्यटकांसाठीच्या खाटा जास्त झाल्याचं स्थानिक कार्यकर्त्यांच्या मोजणीत दिसलं. त्यामुळे कोमोच्या काठावरच्या गावांचं कसं चाललं आहे, हे यंदा किती पर्यटक आले यावरून ठरणार नाही. वारेन्ना आणि बेलाजिओत दहा वर्षांनी किती लोक बारा महिने राहत असतील, हा आकडा जास्त महत्त्वाचा ठरेल.