सायकल चालवा, पण दया वाटत फिरू नका



'सामाजिक कार्यासाठी सायकल यात्रा' हा प्रकार आता आपल्या अंगवळणी पडला आहे. एकाच रंगाचे टी-शर्ट, समोर बॅनर, हिरवी झेंडी दाखवायला एखादा पुढारी आणि शेवटी 'गरीब व होतकरू विद्यार्थ्यांना मदतीचा हात' म्हणून धनादेशासोबत फोटो. आपल्या आष्टीतही तरुणांमध्ये अशा यात्रेची चर्चा सुरू आहे. आष्टी ते नागपूरची दीक्षाभूमी, चार दिवस, पंचवीस सायकली. जमलेल्या पैशातून नागपूर, वर्धा, अमरावतीला शिकणाऱ्या तालुक्यातील मुलामुलींच्या खोलीभाड्याची आणि मेसची सोय करायची. ही यात्रा निघालीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. पण ती दयेची यात्रा होणार असेल, तर तिला माझा तेवढाच ठाम विरोध आहे.

आधी हिशेब मांडू, कारण चळवळीत भावनेपेक्षा हिशेब जास्त काळ टिकतो. समजा पंचवीस जणांचे टी-शर्ट ४०० रुपयांप्रमाणे १०,००० रुपये. मागे चालणारी गाडी, डिझेल आणि चालक धरून दिवसाला ४,०००, म्हणजे चार दिवसांचे १६,०००. चहा-जेवण माणशी दिवसाला २००, म्हणजे २०,०००. बॅनर, मंडप, स्पीकर, हारतुरे यांचे १४,०००. झाले ६०,०००. लोकांकडून एक लाख जमले, तर विद्यार्थ्यांच्या हाती पडतील ४०,०००. म्हणजे मोलमजुरी करणाऱ्या आईने विद्यार्थ्यासाठी म्हणून दिलेल्या दहा रुपयांतले सहा रुपये आमच्या सहलीवर खर्च! याला समाजकार्य म्हणायचे असेल, तर लूट कशाला म्हणायचे?

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात १९८० पासून कर्करोग संशोधनासाठी एक मोठी सायकल यात्रा निघते, 'पॅन-मास चॅलेंज' नावाची. तिथे सायकलस्वारांनी लोकांकडून जमवलेली पूर्ण रक्कम संशोधन संस्थेला जाते. यात्रेचा खर्च सहभागींचे नोंदणी शुल्क आणि प्रायोजक यांच्यातून भागवला जातो. श्रीमंत देशाला जे शिस्तीने करावे लागते, ते आपण गरिबांच्या पैशावर बेशिस्तीने करायचे का? आपलाही पहिला नियम हाच असावा: यात्रेचा खर्च यात्रेकरूंचा, लोकांचा पैसा विद्यार्थ्यांचा. ज्या तरुणाला आपला वाटा भरणे शक्य नाही, त्याचा वाटा एखाद्या नोकरदाराने भरावा. आरक्षणाने नोकरी मिळवून शहरात फ्लॅट घेतलेल्यांना समाजाचे ऋण फेडायची ही संधी आहे. टी-शर्ट नसला तरी चाक फिरते.

आता मूळ मुद्दा. देणारा आणि घेणारा यांच्यातले नाते काय? फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस याने १९२५ साली दाखवून दिले की भेट कधीच फुकट नसते. ती घेणाऱ्यावर परतफेडीचे ओझे टाकते. आपल्याकडे हे कळायला मॉस वाचावा लागत नाही. पाटलाच्या ओसरीवरून मिळालेल्या शिळ्या भाकरीच्या बदल्यात पिढ्यान्‌पिढ्या मान खाली घालून उभे राहिलेल्यांची आपण लेकरे आहोत. म्हणून धनादेश हातात घेतलेल्या मुलीचा फोटो पाहिला की मला मदत दिसत नाही, जुनीच ओसरी नव्या रंगात दिसते.

याउलट बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेला गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर, आणि बडोदा संस्थानाची सेवा करण्याचा करार करून. १९२० साली 'मूकनायक'साठी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले, ते वृत्तपत्र उभे राहावे म्हणून. दोन्ही ठिकाणी पैसा कामासाठी होता, कीव म्हणून नव्हता. धम्मात दान ही पारमिता आहे. तिने देणाऱ्याचा लोभ कमी व्हायचा असतो, घेणाऱ्याची मान नव्हे. तेव्हा विद्यार्थ्याचे नाव नाही, फोटो नाही, मंचावर बोलावणे नाही. ज्याला द्यायचे त्याच्या खात्यात पैसे जावेत आणि गोष्ट तिथे संपावी.

इथे काही कार्यकर्ते म्हणतील, "शिक्षण हा हक्क आहे. मग वर्गणी कशाला? मोर्चा काढा." त्यांचा अर्धा मुद्दा बरोबर आहे. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून सुरू आहे. तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. संविधानाचे कलम ४६ दुर्बल घटकांचे, विशेषतः अनुसूचित जाती-जमातींचे शैक्षणिक हित जपण्याची जबाबदारी राज्यावर टाकते. आज या शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४० टक्के, आणि पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी राज्याची स्वाधार योजनाही आहे. म्हणजे पैसा देणे सरकारचे काम आहे, सायकलवाल्यांचे नाही.

पण उरलेला अर्धा मुद्दा घरमालकाच्या हातात आहे. सरकारचा हप्ता कधी येईल ते सरकार जाणे. घरमालक मात्र एक तारखेला दारात उभा असतो. मोर्चा निघेपर्यंत पोरगी सामान बांधून गावी परत आलेली असते. एकदा परत आलेली पोरगी पुन्हा कॉलेजात जात नाही, तिच्यासाठी स्थळ येते. तेव्हा मोर्चा आणि निधी यांत निवड करायची नाही. निधी अशा रीतीने वापरायचा की सरकारची सुटका होणार नाही.

माझा प्रस्ताव असा. जमलेली रक्कम वाटून संपवू नका, तिचा फिरता निधी करा. ज्याचा शिष्यवृत्तीचा हप्ता अडकला, त्याला त्यातून बिनव्याजी रक्कम द्या. हप्ता आला की त्याने ती परत करावी आणि ती पुढच्याला मिळावी. घेणारा इथे उपकाराखाली राहत नाही, तोच पुढच्याचा दाता होतो. आणि यात्रा ज्या गावातून जाईल, तिथे वर्गणीच्या पावतीपुस्तकासोबत दुसरी वहीही उघडा: कोणाचा अर्ज अडकला, किती महिन्यांपासून, कोणत्या कारणाने. शेवटच्या दिवशी ही वही समाजकल्याण खात्याच्या दारात द्या. पैसे जमवून ही वही न लिहिणारी यात्रा म्हणजे सरकारच्या फाटक्या धोतराला आपल्या खर्चाने लावलेले ठिगळ.

रस्ता कोणता, हाही विचारांचा प्रश्न आहे. तळेगाववरून नागपूर-अमरावती महामार्ग धरला तर लवकर पोहोचाल, पण भेटतील ते ट्रक आणि ढाबे. आर्वी, वर्धा, सेलू असे वळण घेतले तर अंतर वाढेल, पण गावे लागतील. मुक्काम गावच्या मुख्य चौकात न करता वस्तीतल्या विहारात करा. येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो कोणत्याही जातीचा असो, तिथेच पंगतीला बसवा. ज्यांना वस्तीत जेवायला अवघड वाटते, त्यांची समाजसेवा तिथेच उघडी पडेल.

तारीखही बघून ठरवा. कापूस वेचणीच्या ऐन हंगामात यात्रा काढाल, तर मजुरी करणारे पोर रोज बुडवून येणार नाही. येतील ते फक्त पगारी. मग यात्रा कोणाची?

आणि मुली? मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. म्हणजे सायकल चालवणाऱ्या मुली गावोगावी आहेत, पण यात्रेची यादी निघाली की त्यात नावे मुलांचीच. याच जिल्ह्यात, हिंगणघाटला जन्मलेल्या बाबा आमटेंनी १९८५ साली कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो' यात्रा काढली, तेव्हा सायकलींवर तरुणांसोबत तरुणीही होत्या. चाळीस वर्षांनी आपण त्याच्या मागे का? सावित्रीमाईंचे नाव घ्यायचे आणि मुलींना स्वयंपाकाला ठेवायचे, हे चालणार नाही. मुक्कामाला स्वच्छतागृह पाहा, दिवस मावळायच्या आत पोहोचाल असे टप्पे आखा, म्हणजे 'घरचे सोडत नाहीत' या सबबीतला निम्मा जीव जाईल.

शेवटचे, पण टाळता न येणारे. लोकांकडून वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ४१ क कडे डोळेझाक करू नका. धर्मादाय कार्यालयाची परवानगी आधी घ्या. प्रत्येक रुपयाला पावती द्या. यात्रा संपल्यावर आष्टीत सभा बोलावून जमा-खर्च मोठ्याने वाचा, आणि दहा रुपये देणाऱ्या मावशीलाही प्रश्न विचारू द्या. हिशेब विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे; हिशेब न देणे म्हणजे मालकी.

आष्टीला १९४२ चा इतिहास आहे. इथल्या माणसांनी इंग्रजांच्या सत्तेला जाब विचारताना प्राण दिले. त्या मातीतून निघणाऱ्या सायकलींनी कोणाची कीव करत फिरू नये. त्यांनी जाब विचारत फिरावे: सरकारला, पगारदारांना आणि स्वतःलाही. या अटी मान्य असतील तर यादीत माझे नाव लिहा. माझा वाटा मी भरतो, आणि आणखी एकाचा.

जयभीम! जय संविधान!