चूल विझल्यावरची ऊब

ईशाची नमाज झाली की आम्ही घरचे सगळे गच्चीवर बसतो. पाटोद्यात रात्री अजूनही तारे चांगले दिसतात. परवा अकरावीतल्या पुतणीने विचारले, "चाचा, आकाशातूनही एक्स-रे येतात का?" अम्मी लगेच म्हणाल्या, "का गं, तिथं कुणाचं हाड मोडलं?"

एक्स-रे, म्हणजे क्ष-किरण, आकाशातून येतात. पण हवेचे आवरण ते अडवते. म्हणून ते पाहायला उपग्रह लागतो. एखादा प्रचंड तारा आयुष्याच्या शेवटी स्वतःतच कोसळतो, तेव्हा जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने झोत बाहेर पडतात आणि गॅमा किरणांचा स्फोट दिसतो. तो काही सेकंदांत किंवा मिनिटांत संपतो. मग तेच झोत भोवतालच्या वायूवर आदळतात आणि मागे क्ष-किरणांचा मंद होत जाणारा उजेड राहतो.

हे स्फोट 1967 पासून टिपले जात होते, पण नेमके कुठून येतात ते कळत नव्हते. 28 फेब्रुवारी 1997 रोजी 'बेप्पोसॅक्स' या उपग्रहाने स्फोटानंतर काही तासांनी त्या दिशेला क्ष-किरणांची दुर्बीण वळवली आणि हा मागचा उजेड पहिल्यांदा सापडला. त्यातून जागा कळली, आणि पुढे कळले की हे स्फोट आपल्या आकाशगंगेबाहेर, फार दूरच्या दीर्घिकांमध्ये होतात.

आपल्याकडचे उदाहरण 2017 चे आहे. 4 जानेवारीला गुरुत्वीय लहरी नोंदल्या गेल्या. त्यांचा उगम शोधताना दुसऱ्या दिवशी एक मंदावणारा ठिपका सापडला. दोन्ही एकाच घटनेचे असावेत, अशी शंका आली. भारताच्या 'अॅस्ट्रोसॅट' उपग्रहावर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने पुण्याच्या आयुकासह इतर संस्थांच्या साथीने तयार केलेले एक उपकरण आहे. त्याच्या नोंदीत, लहरींनंतर सुमारे 21 तासांनी झालेला गॅमा स्फोट सापडला. ठिपका कसा मंदावत गेला यावरून मागे हिशेब केला, तर तो त्याच वेळेशी जुळला. लहरींशी त्याचा संबंध नव्हता. दोन घटना जवळपास घडल्या म्हणून एकीतून दुसरी घडली असे होत नाही, हे वेळ तपासल्यावरच कळले.

अम्मींना हे पटले. चुलीच्या राखेवर हात धरून विस्तव कधी विझला असेल, हे त्या आजही सांगतात.

पुतणीला बारावीनंतर भौतिकशास्त्र शिकायचे आहे. तिला पाटोद्याबाहेर ठेवायला भाईजान अजून राजी नाहीत. खर्चाची आणि मुलीच्या राहण्याची काळजी खोटी नाही. मी एवढेच म्हणालो, की नाही म्हणण्याआधी वसतिगृह आणि शिष्यवृत्ती यांची चौकशी तरी करू. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघे भाऊ बीडला जाऊन येणार आहोत.